त्या पाच नावांवरची बंदी यंदा उठवा

प्रति,
कार्यकारिणी व गेमिंग स्पर्धा समिती,
आपलं गणेशोत्सव मंडळ,
दांडिया बाजार, बडोदे

सप्रेम नमस्कार.

यंदाची नियमावली छापायला जायच्या आत हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून लिहितोय. वर्गणीदारांनी, मुलांच्या आईवडिलांनी आणि खेळणाऱ्या पोरांनीही ते वाचावं, म्हणून बंद पाकिटात न देता सगळ्यांसमोर ठेवलंय. मागणी एकच आहे. टेकन ७ या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेत लेरॉय, फाकुमराम, गीस, अकुमा आणि एडी या पाच कॅरेक्टर्सवर, म्हणजे खेळायला निवडायच्या लढवय्यांवर, आपण घातलेली बंदी यंदा उठवा.

गेल्या वर्षी पहिल्या फेरीत एक मुलगा खेळायला बसला. अकरावीतला असेल. वाडीतून आला होता, स्वतःचा कंट्रोलर घेऊन. त्याने लेरॉयवर कर्सर नेला आणि मी म्हणालो, "लेरॉय बॅन आहे, दुसरा घे." त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या यादीकडे. यादी त्याच दिवशी सकाळी चिकटवली होती, प्रवेशपत्रिकेवर तिचा उल्लेखच नव्हता. त्याने पॉल घेतला, दोन्ही मॅच हरला, "थँक यू दादा" म्हणाला आणि आरतीला न थांबता निघून गेला. नंतर त्याच्या मित्राकडून कळलं, दिवाळीपासून पोरगा फक्त लेरॉय खेळत होता. मामाच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर, दर रविवारी, मामा दुपारचा झोपला की.

मला त्या मुलाची माफी मागायची आहे आणि ती इथेच, सगळ्यांदेखत मागतो. ती यादी माझ्या अक्षरात आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल. २०२० च्या फेब्रुवारीत, शिवजयंतीच्या स्पर्धेआधी, आपण हॉलमध्ये बसून ती केली. लेरॉय गेममध्ये येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. जानेवारीच्या अखेरीस जपानमध्ये ईव्हो जपान ही अशा गेमची मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि शेवटच्या आठ खेळाडूंपैकी सहा जणांच्या हातात लेरॉय होता. जिंकणारा थायलंडचा बुक, तोही लेरॉयच घेऊन. आम्ही पाच-सहा जण ते एका मित्राच्या घरी बघत होतो, समोर सेव-उसळ गार होत होती आणि कुणाला खायची शुद्ध नव्हती. मी तिथेच म्हणालो, हा आपल्याकडे चालणार नाही.

ज्यांनी कधी टेकन खेळलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मत द्यायचं तर एवढं कळायला हवं. हा गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे पडद्यावरच्या ६० चित्रांनी चालतो. बहुतेकांचा सगळ्यात झटपट ठोसा १० फ्रेमचा असतो. तुम्ही मारलेला वार समोरच्याने अडवला की तुम्ही काही फ्रेम मागे पडता. नऊ फ्रेम मागे पडलात तर निभावतं. दहा पडलात तर तो ठोसा तुम्हाला लागतोच, हात कितीही चपळ असू दे. सेकंदाच्या साठाव्या भागाएवढ्या त्या फटीवर अख्खी मॅच फिरते. म्हणून प्रत्येक कॅरेक्टरच्या जोरदार वारांना कुठेतरी किंमत मोजावी लागते. लेरॉय आला तेव्हा त्याला ही किंमत फारशी मोजावीच लागत नव्हती. वार अडवला गेला तरी तो सुरक्षित. तुम्ही चिडून उलट मारायला गेलात तर तो तुमचा हात धरून तुम्हालाच शिक्षा करायचा, आणि एकदा हवेत उडवलं की अर्धी ताकद गेलीच.

तेव्हा बंदी घातली ते योग्यच केलं असं मी आजही म्हणतो. त्या वेळचा लेरॉय आपल्या आठ-दहा कन्सोलच्या स्पर्धेत सोडला असता तर बाकीच्या पोरांनी आपापले कॅरेक्टर घरी ठेवून यायचं एवढंच उरलं असतं.

पण पुढे काय झालं? गेम बनवणाऱ्यांनी पॅचमागून पॅच (गेममध्ये बदल करणारे अपडेट) काढून लेरॉयची धार कमी केली. तो इतरांच्या रांगेत येऊन बसला. तोवर करोना आला, आपली स्पर्धा दोन वर्षं झालीच नाही. परत सुरू केली तेव्हा कुणीतरी जुन्या वहीतली यादी जशीच्या तशी उतरवली. त्या "कुणीतरी"मध्ये मी होतो. लेरॉय आता कसा आहे हे आमच्यापैकी एकानेही बघितलं नाही. ज्या लेरॉयवर बंदी घातली तो आता गेममध्येच नाही, आणि जो आहे त्याच्याविरुद्ध आपण कधी काही सिद्ध केलेलं नाही.

क्रिकेट बघणाऱ्यांना हे लगेच पटेल. करोनामुळे २०२० मध्ये चेंडूला थुंकी लावायला मनाई झाली. कारण उघड होतं आणि खरं होतं. साथ ओसरली, तरी २०२२ मध्ये आयसीसीने ती मनाई कायमची करून टाकली. गोलंदाज कुरकुरत राहिले, चेंडू रिव्हर्स होत नाही म्हणून. शेवटी २०२५ च्या आयपीएलआधी बीसीसीआयने आपल्या स्पर्धेपुरती ती उठवली. कारण संपलं तरी नियम आपोआप जात नाही, कुणीतरी तो उचलून बघावा लागतो. आपल्याकडे तेवढंच राहून गेलंय.

आता बाकीच्या चौघांबद्दल.

एडीचं मला फार वाईट वाटतं. टेकन ७ मध्ये एडी कुठल्याही जाणत्या खेळाडूच्या वरच्या यादीत नसतो. मग तो आपल्या यादीत आला कसा? तो टेकन ३ च्या दिवसांतून आला. रावपुऱ्यात, फतेगंजमध्ये तासावर पैसे घेऊन प्लेस्टेशन खेळायला द्यायचे तेव्हा प्रत्येक ठिकाणी एक तरी असा असायचा, जो एडी घेऊन नुसती लाथांची बटणं बडवायचा आणि जिंकायचा. हातावर उभा राहून गरगर फिरणारा तो ब्राझीलचा कापोएराचा खेळाडू. आम्ही नववी-दहावीत होतो, शाळा सुटल्यावर कष्टाने कॉम्बो पाठ केलेले, आणि हा येऊन दोन बटणांनी आम्हाला आडवं करायचा. तो राग आमच्या पिढीच्या मनात इतका मुरला की पंचवीस वर्षांनी, वेगळ्या गेममध्ये, आपण साप समजून भुई धोपटतोय. एडीच्या मालिकांमध्ये कुठे बसून अडवायचं आणि कुठे मध्येच ठोसा घालायचा हे शिकायला दोन संध्याकाळी पुरतात. एखादं कॅरेक्टर चीड आणतं आणि एखादं कॅरेक्टर स्पर्धा मोडतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी दुसऱ्या गोष्टीसाठी असते.

फाकुमरामचं लेरॉयसारखंच. तो मार्च २०२० मध्ये, म्हणजे पहिली यादी झाल्यावर आला, त्यामुळे त्याचं नाव तिच्यात मागाहून पडलं. आला तेव्हा लांब हातापायांचा आणि फारच वरचढ होता, पुढे त्यालाही आवरलं गेलं.

अकुमाची गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण मागच्या बैठकीत "अकुमा तर जगभर बॅन असतो" असं ठामपणे सांगितलं गेलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. हे खरं आहे, पण दुसऱ्या गेमबद्दल. १९९४ च्या सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बोमध्ये अकुमा लपवून ठेवलेला होता, गुप्त क्रमाने निवडावा लागायचा. तो उडी मारून हवेतूनच आगीचा गोळा टाकायचा आणि त्या गेममधल्या बहुतेकांकडे त्याला उत्तरच नव्हतं. म्हणून तिथे त्याच्यावर बंदी आली, ती टिकली, आणि माझ्या मते ती योग्य आहे. त्या गेममधला अकुमा उद्या कुणी आपल्या स्पर्धेत मागितला तर मी स्वतः नाही म्हणेन. टेकन ७ मधला अकुमा नावाने आणि चेहऱ्याने तोच असला तरी त्याला टेकनसाठी नव्याने बांधलाय, आणि ईव्होसारख्या मोठ्या स्पर्धांत तो उघडपणे खेळला जात होता. आपण नाव बघून शिक्षा दिली.

गीस आणि अकुमा सोपे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. दोघे पाहुणे आहेत, वेगळ्या जातीच्या गेममधून आलेले. बहुतेकांकडे नसलेली एक शक्तीची पट्टी त्यांच्या पायाशी असते, ती भरली की जास्त जोरदार खास वार मारता येतात, शिवाय साधा वार मध्येच तोडून खास वारात बदलता येतो. त्यांच्या उड्याही निराळ्या. नुसतं टेकन येणाऱ्याला पहिल्यांदा समोर आले तर काय चाललंय तेच कळत नाही. मी स्वतः गीसपुढे बऱ्याचदा हरलोय आणि यंदाही हरेन बहुधा. पण मला त्याच्याशी खेळता येत नाही याचा अर्थ कुणालाच येणार नाही असा होत नाही. लाहोरच्या अर्सलान अॅशचं नावही बाहेर कुणाला फारसं ठाऊक नव्हतं, तेव्हा त्याने २०१९ मध्ये आधी ईव्हो जपान आणि मग लास वेगासची ईव्हो जिंकली. तिथे समोर कुणी कुठलाही कॅरेक्टर आणू शकत होता. आपल्या मुलांना आपण आधीच ठरवून सांगतोय की तुम्हाला हे जमणार नाही. हा अपमान आहे, आणि तो त्यांच्या लक्षातही येतो.

बंदी ठेवा म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं मला बिनतोड वाटतं आणि त्यावर आपण कधी बोलतच नाही. या पाचपैकी तीन कॅरेक्टर, लेरॉय, फाकुमराम आणि गीस, डिस्कबरोबर येत नाहीत. वेगळे पैसे देऊन विकत घ्यावे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत त्याला सरावाच्या मोडमध्ये त्यांना समोर उभं करून शिकताही येत नाही. म्हणजे अलकापुरीतला मुलगा गीस घरी रोज बघतो आणि वाडीतला मुलगा तो पहिल्यांदा स्पर्धेच्या खुर्चीत बसून बघतो. ही असमानता खरी आहे. पण त्यावर उपाय बंदी नाही, सराव आहे. गणपतीच्या आधीचे चार शनिवार-रविवार संध्याकाळी हॉल उघडा, एका कन्सोलवर सगळे कॅरेक्टर चालू ठेवा आणि ज्याला यायचं त्याला येऊ द्या. विकत घ्यायचा खर्च मी आणि आणखी दोघे वाटून करतो, मंडळाच्या तिजोरीला हात लावायची गरज नाही. कुठल्या वारानंतर कुठे मारायचं हे दाखवायला मी बसेन.

दुसरी गोष्ट याहून तातडीची आहे. आपले कन्सोल सभासदांच्या घरून येतात, आणि त्यातल्या एक-दोघांना कित्येक वर्षांत इंटरनेट लागलेलं नाही. २०२० च्या सुरुवातीला शेवटचा अपडेट झालेला कन्सोल मांडला तर त्यावरचा लेरॉय तोच जुना, धारदार लेरॉय असेल. बाजूच्या टेबलावर नवा. एकाच स्पर्धेत दोन वेगळे गेम! बंदी उठवली तर हे आधी निस्तरावंच लागेल. गेम सुरू करताना पडद्यावर व्हर्जनचा नंबर दिसतो, तो सगळीकडे एकच आहे की नाही हे पंचाने पहिल्या मॅचआधी बघायचं. नसेल तर ते टेबल बंद. टेकन ८ वर जायचा विषय काहींनी काढला होता, पण तो पीएस४ वर चालत नाही आणि आपल्याकडे जे आहे ते पीएस४ आहे. बनवणाऱ्यांचं लक्षही आता टेकन ८ कडे आहे, त्यामुळे टेकन ७ मध्ये नवा पॅच येऊन आपला प्रश्न कुणी सोडवेल ही आशा धरू नका. हा गेम आता आहे असाच राहणार. आपल्या हॉलमधला निर्णय आपल्यालाच घ्यायचा आहे.

चिटणीस काकांना वाटणारी काळजी मला कळते. बंदी उठवली, फायनल लेरॉय विरुद्ध लेरॉय झाली आणि मांडवातली माणसं उठून गेली तर? असं घडलंय. २०१८ च्या ईव्होमध्ये स्मॅश ब्रदर्स या दुसऱ्या लढाईच्या गेमची फायनल बेयोनेटा विरुद्ध बेयोनेटा झाली आणि भरल्या सभागृहाने हुर्यो उडवली. दोन्ही मुलं उत्तम खेळाडू होती, तरी लोकांना त्या एकाच कॅरेक्टरचा वीट आला होता. तेव्हा हे भय खोटं नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की आपल्याकडे हे घडतं का ते आधी बघू या. बंदी घालून ठेवली तर आपल्याला ते कधीच कळणार नाही.

आणि घडलं तर पुढच्या वर्षी बंदी परत घालू. यात कमीपणा कसला? मॅजिक नावाच्या पत्त्यांच्या खेळात, त्यांच्या मॉडर्न प्रकारात, गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोल या पत्त्यावर सुरुवातीपासून बंदी होती. २०१५ च्या जानेवारीत ती उठवली. दोन वर्षं बघितलं, तो पत्ता परत डोईजड झाला, २०१७ च्या जानेवारीत परत बंद केला. त्या कंपनीने तेवढ्यावरून बंदी उठवणंच सोडून दिलं नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये एकाच दिवशी चार जुने पत्ते मोकळे केले, त्यातला स्प्लिंटर ट्विन तर २०१६ पासून कोंडलेला होता. जो खेळ पैशावर चालतो, जिथे पत्त्यांच्या किमती बंदीवर वरखाली होतात, तिथे हे करता येतं. आपल्याकडे बक्षीस म्हणजे एक करंडक आणि हेडफोन.

मात्र कुणी ठरवायचं, हे नीट ठरायला हवं. स्मॅशच्या ब्रॉल या गेममध्ये मेटा नाइट या कॅरेक्टरने वर्षानुवर्षं सगळ्यांना जेरीस आणलं, म्हणून २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका नियम समितीने मतदान करून त्याच्यावर बंदी घातली. लगेच पुढच्या जानेवारीत एपेक्स नावाच्या मोठ्या स्पर्धेने ती मानलीच नाही, आणि जपानहून आलेला खेळाडू मेटा नाइट घेऊनच जिंकून गेला. नियम करणारे एकीकडे, खेळणारे दुसरीकडे. पोकेमॉन खेळणाऱ्यांच्या स्मोगॉन या ऑनलाइन समुदायात याउलट आहे. एखादा पोकेमॉन फार जड वाटला की त्याच्यासह सामने खेळायचे, ठरलेल्या पातळीपर्यंत जिंकून दाखवलं तरच मत मिळतं, आणि बंदीसाठी साधं बहुमत पुरत नाही, साठ टक्के लागतात. जो त्याच्याशी खेळलाच नाही, त्याच्या मताला तिथे जागा नाही. आपल्या समितीत नऊ जण आहेत. काका-मावशींविषयी पूर्ण आदर ठेवून विचारतो, त्यातल्या किती जणांनी गेल्या पाच वर्षांत लेरॉयविरुद्ध एक राउंड तरी खेळलाय?

म्हणून यंदा असं करू. सगळे पाचजण खुले. प्रत्येक मॅचला कुणी काय घेतलं आणि कोण जिंकलं हे वहीत लिहायचं, मी लिहीन. विसर्जनानंतरच्या रविवारी ज्यांनी निदान एक फेरी जिंकली ते सगळे बसतील आणि वही समोर ठेवून मत देतील. शेवटच्या आठात पाच किंवा जास्त जणांनी एकच कॅरेक्टर घेतलं असेल, तरच त्याच्या बंदीवर चर्चा. बंदी घातली तर ती एका वर्षाची, कारण लिहून, आणि प्रवेशपत्रिकेवर छापून. पुढच्या वर्षी कुणी नव्याने मागितली नाही तर ती आपोआप संपेल.

अध्यक्ष काका, तुम्ही मागे म्हणालात की देवाच्या मांडवात हे व्हिडिओ गेमचे वाद कशाला. बडोद्यात खेळाचे नियम भांडून, बसून, लिहून ठरवणं नवं नाही. १९२३ मध्ये याच गावातल्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे नियम बसवून सामने भरवले. गावोगाव वेगवेगळ्या पद्धतीने खेळला जाणारा खेळ एका नियमाखाली आणायला किती वाद झाले असतील! आणि आपल्या खो-खोमध्ये अलीकडे काय झालं ते बघा. एकदा दिशा घेतली की पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, हा खो-खोचा कणा. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खोत वजीर आणला, ज्याला कुठल्याही दिशेला पळता येतं. जुन्या खेळाडूंना धक्काच बसला. पण संघाला एकच वजीर, आणि पॉवरप्लेपुरते दोन, असं बांधून दिल्यावर त्याने खेळ बुडवला नाही. फार जोरदार गोष्ट खेळात ठेवायची कशी, हे आपल्या मातीतल्या खेळालाही करून बघावं लागलं.

लेरॉयवर बंदी मागणारा पहिला हात माझा होता, म्हणून ती उठवा म्हणणाराही पहिला हात माझाच असावा असं मला वाटतं. येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला मी हॉलवर येतोय, सोबत राउटर आणि लांब केबल असेल. ज्यांचे कन्सोल स्पर्धेत लागणार आहेत त्यांनी ते आणावेत, सगळे एका व्हर्जनवर आणून ठेवतो. किल्ली मात्र चिटणीस काकांकडे आहे, तेवढी मिळावी. आणि वाडीतल्या त्या मुलाचा पत्ता कुणाला माहीत असेल तर त्याला एवढंच कळवा, यायच्या आधी यादी विचारून घे, आणि कंट्रोलर घेऊन ये.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद आणि गेल्या वर्षीचा पंच